ज्या कोपऱ्यात चढाई जातच नाही: कबड्डीचा जुना बचाव आणि नवा

(गोसीखुर्द, ता. पवनी, जि. भंडारा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की आपल्या झाडीपट्टीत दोन गोष्टी सुरू होतात. एक मंडई आणि दुसरी कबड्डीचे सामने. आम्ही परवा इथे पोचलो तेव्हा चहाच्या टपरीवर दोन पिढ्यांची जुंपलेली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणत होते, "आमच्या वेळच्या पकडीतून सुटून दाखवा म्हणावं ह्यांना." समोरचा पोरगा मोबाइल पुढे करून म्हणत होता, "आजोबा, ही साखळी बघा, ही तुमच्या वेळी होती का?" दोघंही तावातावाने बोलत होते आणि खरं सांगायचं तर दोघंही बरोबर बोलत होते. आमचा आजचा विषय तिथेच ठरला. आयोजकांनी 'खेळ आणि तत्त्वज्ञान' असा मोघम विषय कळवला होता, तो आम्ही एवढ्यावर आणतो: कबड्डीतला पूर्वीचा बचाव आणि आताचा बचाव, यांची तुलना करता येते का? आणि येत असेल तर कशी?

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे पहिली शंका शब्दावरच. 'तुलना' म्हणजे काय? तराजूत एका पारड्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं. पण तराजूला वजनं लागतात, आणि ती दोन्ही वेळेला तीच असावी लागतात. कबड्डीत वजनं म्हणजे नियम. ते बदलले तर काय होतं, याचं अलीकडचं उदाहरण आधी सांगतो, कारण ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल.

हांगझोऊ, ७ ऑक्टोबर २०२३. आशियाई स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. सामना अगदी संपत आलेला, गुण २८-२८. भारताच्या पवन सेहरावतची चढाई, आणि तीही तिसरी, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा अशी. पवन कुणाचाही स्पर्श होण्याआधीच बाजूच्या लॉबीत गेला. त्याला अडवायला इराणचे बचावपटू त्याच्यामागे लॉबीत गेले. लॉबी म्हणजे तो कडेचा एक मीटरचा पट्टा. झटापट सुरू झाल्याशिवाय तो मैदानाचा भाग धरत नाहीत. आता निर्णय काय? एका नियमानुसार फक्त चढाईपटू बाद. दुसऱ्या नियमानुसार त्याच्यामागे लॉबीत शिरलेले बचावपटूही बाद. कुठला नियम लागू, यावर दोन्ही बाजू अडल्या. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळाडू मैदानातच बसले, सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला.

आम्हाला निकालात रस नाही. आम्हाला रस आहे त्या इराणी बचावपटूंच्या पावलांत. पावलं तीच, अंगाची हालचाल तीच, तो क्षणही तोच. एका पुस्तिकेनुसार तो यशस्वी बचाव, दुसरीनुसार ती सामूहिक चूक. मग त्या पावलांमध्ये 'खरं' काय होतं? जॉन सर्ल नावाचे अमेरिकी तत्त्वज्ञ नियमांचे दोन प्रकार सांगत. काही नियम आधीच असलेल्या गोष्टीला वळण लावतात. गाडी डावीकडून चालवा हा तसा नियम. नियम नसता तरी गाड्या चालल्या असत्याच. पण काही नियम ती गोष्टच घडवतात. 'बाद' होणं ही गोष्ट नियमाआधी जगात नाहीच. नियम काढून टाका, उरतो एक माणूस जो दुसऱ्याचा पाय धरून जमिनीवर पडला आहे. (हशा) म्हणजे बचाव हा नुसत्या अंगाचा गुण नव्हे. तो अंग आणि नियम यांच्यात मिळून तयार होतो. एकाच सामन्यात, एकाच मिनिटात ही पंचाईत झाली. मग साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने किती होईल?

आता जरा मागे जाऊ. आपण ज्याला कबड्डी म्हणतो तो एक खेळ कधीच नव्हता. महाराष्ट्रात हुतुतू होता, बंगालकडे हाडुडु, दक्षिणेत चेडुगुडु. नियम लिहून काढायचं काम गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, बरंचसं महाराष्ट्रातच झालं. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले, त्यात हाही होता. विदर्भाला त्याचा अभिमान आहे आणि तो असावा. १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक झालं आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ झाला. पुढे २०१४ ला प्रो कबड्डी. एवढा इतिहास पुरे, तो सगळीकडे मिळतो. आमचं लक्ष वेगळीकडे आहे.

जुन्या लोकांना संजीवनी, गनिमी आणि अमर हे तीन प्रकार आठवत असतील. पोरांसाठी सांगतो. संजीवनीत बाद झालेला गडी परत येतो. तुमच्या संघाने समोरचा एक मारला की तुमचा एक जिवंत. आजचा खेळ ह्याच वळणाचा आहे. गनिमीत बाद झालेला परत येत नाही. सगळा संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत त्याने बाहेर बसायचं. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही; गुण लिहायचा आणि खेळ चालू.

आता बचाव करणाऱ्याच्या नजरेतून हे तीन बघा. अमरमध्ये सगळे गडी सगळा वेळ मैदानात. त्यामुळे 'तिघांनी मिळून मैदान राखणं' ही कलाच तिथे जन्माला येत नाही. गनिमीत एक गडी गेला म्हणजे बराच वेळ गेला. मग शहाणा बचावपटू काय करील? पकडीला धावणार नाही. मागे सरकेल, चढाईपटूला रिकामा परत पाठवील. तिथे संयम हाच बचाव. संजीवनीत उलट. इथे केलेली पकड दुहेरी फळ देते, समोरचा गेला आणि आपला आला. तिथे धाडसाला भाव. म्हणजे एकाच गावातला एकच कोपरारक्षक गनिमीच्या सामन्यात भित्रा दिसेल आणि संजीवनीच्या सामन्यात वाघ. माणूस तोच.

थोडं गणितही करून पाहू, घाबरू नका, चौथीचं आहे. आजचं पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. अर्धं मैदान साडेसहा मीटर खोल. दोन्ही बाजूंच्या लॉब्या वजा केल्या की रुंदी ८ मीटर. म्हणजे ५२ चौरस मीटर जागा राखायची. सात जण असले तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेसात चौरस मीटर. तीनच उरले तर सतरा. आणि पूर्वी नऊ-नऊ जणांचे संघही खेळत. तेवढ्याच जागेत नऊ जण उभे केले तर प्रत्येकाला सहासुद्धा येत नाही. नऊ जणांच्या भिंतीत चढाईपटू अडकला तर त्यात एकेकाचं कौतुक किती करायचं, आणि तिघांत अडकला तर किती, हे तुम्हीच ठरवा. म्हणून तर आता तीन किंवा कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा देतात. अव्वल पकड म्हणतात ती. जुन्या खेळाडूंनी अशा पकडी केल्या नसतील असं नाही. केल्या असतील, पण एकच गुण मिळाला. नाव तर नाहीच.

मातीचं आणि मॅटचंही असंच. मातीवर अनवाणी खेळताना पायाची पकड जमिनीशी वेगळी असते. आमच्या पाहण्यातले जुने खेळाडू गुडघे-कोपरं सोलून घ्यायचे, आणि त्या भीतीने सूर मारायला थोडे कचरायचेही. मॅटवर बूट घालून खेळणारा पोरगा बिनधास्त झेप घेतो. घोटा पकड, म्हणजे खाली झेपावून पायाचा घोटा धरणं, ही त्यामुळे सोपी झाली का? झेप सोपी झाली असं आम्ही म्हणू. पण चढाईपटूचा पायही मॅटवर जास्त चपळ झाला, तो लवकर उडी मारतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं.

मात्र सगळ्यात मोठा फरक वेळेचा आहे आणि टपरीवरच्या वादात तो कुणीच काढला नाही. पूर्वी चढाईचं घड्याळ म्हणजे चढाईपटूचा दम. 'कबड्डी कबड्डी' जोवर एका श्वासात चालेल तोवर चढाई. आता दमाच्या जोडीला तीस सेकंदांची मर्यादा आली आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रो कबड्डीपासून सर्वतोमुखी झालेला तिसऱ्या चढाईचा नियम. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद.

ह्या एका नियमाने बचावाचा अर्थ बदलला. कसा, ते समजा-समजा करून सांगतो. समजा दोन संघ आहेत, दोघांवरही चाळीस-चाळीस चढाया झाल्या. पहिल्या संघाने दहा पकडी केल्या, पंधरा वेळा त्यांचा गडी मारला गेला, पंधरा चढाया रिकाम्या गेल्या. दुसऱ्या संघाने फक्त पाच पकडी केल्या, पाचच वेळा गडी गेला आणि तीस चढाया रिकाम्या. उद्याच्या पेपरात कोणाचं नाव येईल? पहिल्याचं. दहा पकडी! पण दहा मिळवून पंधरा दिले, म्हणजे पाचाचा तोटा. दुसऱ्याने पाच मिळवून पाच दिले, बरोबरी. बचाव म्हणून दुसरा सरस.

आता गंमत बघा. तिसऱ्या चढाईच्या नियमाखाली हा दुसरा संघ असूच शकत नाही! दर तीन चढायांमागे एकीत तरी काहीतरी घडलंच पाहिजे. चाळीसपैकी सत्तावीसच्या आसपास रिकाम्या जातील, तीस जाणार नाहीत. म्हणजे ज्या बचावाला जुने लोक उत्तम म्हणत, 'काही घडूच द्यायचं नाही' असा बचाव, तो आज नियमानेच अशक्य केला आहे. का केला? प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये म्हणून. आमची त्याला तक्रार नाही, आम्हीही टीव्हीवर बघतोच. पण मग आजच्या पकडींचे आकडे घेऊन जुन्यांना कमी लेखायचं, हे बरोबर नव्हे. आजच्या चढाईपटूला नियम ढकलून पकडीत पाठवतो. पूर्वी तो स्वतःच्या पायाने परत जाऊ शकत होता.

आकड्यांची दुसरी अडचण साधी आहे. २०१८-१९ च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडीचे १०० गुण पुरे केले. एका हंगामात शंभर गाठणारा तो पहिला बचावपटू. मोठीच गोष्ट. पण त्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीचेच २२ सामने होते. २०१४ च्या पहिल्या हंगामात आठ संघ, साखळीचे १४ सामने. म्हणजे एकाच स्पर्धेच्या पाच वर्षांतसुद्धा नुसती बेरीज लावून चालत नाही, भागाकार करावा लागतो. मग तुमच्या आजोबांच्या सामन्यांशी बेरीज कशी लावणार? तिथे तर बेरजेला आकडेच नाहीत.

हे आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलवरून हेच भांडण वर्षानुवर्षं चालतं. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका देण्याचा, कबड्डीच्याच रक्ताचा वाटावा असा. १९३९ साली टेनेसी विद्यापीठाच्या संघाने नियमित हंगामातल्या दहाही सामन्यांत समोरच्याला एक गुण करू दिला नाही. शून्य! त्यानंतर कुणालाही ते जमलेलं नाही. आणि २०२१ साली विजेत्या जॉर्जियाने १५ सामन्यांत १५३ गुण दिले, तरी त्यांचा बचाव आजवरच्या सर्वोत्तमांत गणला जातो. शून्य मोठं की दीडशे? १९३९ मध्ये बदली खेळाडूंवर कडक बंधन होतं. तेच अकरा जण हल्ला करत आणि तेच बचाव करत. हल्लेखोर अर्धे दमलेलेच असायचे. आता हल्ल्याचे अकरा वेगळे, बचावाचे वेगळे, आणि हवेतून लांब चेंडू फेकण्याची कला कुठच्या कुठे गेलेली. शिवाय टेनेसीचा तो संघ हंगामानंतरच्या मोठ्या लढतीत १४-० असा हरला, हेही सांगितलं पाहिजे. शून्याची कीर्ती सांगणारे ते सांगायला विसरतात.

कबड्डीत तेच सात जण चढाई करतात आणि बचावही, नियमाने आजही तसंच आहे. पण व्यवहारात आता उजवा कोपरा, डावा कोपरा, त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक असे पक्के वाटे झाले आहेत. फजल अत्राचली हा इराणचा डावा कोपरा मुख्यतः बचावावरच जगप्रसिद्ध झाला. प्रो कबड्डीत त्याचे पकडीचे गुण पाचशेच्या वर गेले. आणि २०१८ मध्ये जकार्ताला इराणने उपांत्य फेरीत आपल्याला २७-१८ असं हरवलं ते बचावाच्या जोरावर. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं घेतलेल्या संघाला फक्त अठरा गुण करू दिले. आमच्या पिढीला ते लागलं. पण त्या संध्याकाळी आम्हाला एक गोष्ट कळली की ज्याला आपण 'आपली परंपरागत पकड' म्हणत होतो, ती शिकता येणारी विद्या आहे. रक्तात नसते.

इथे म्हाताऱ्या मंडळींना थोडं कडू सांगतो. स्टीफन जे गूल्ड म्हणून जीवाश्मशास्त्रज्ञ होते, बेसबॉलचे वेडे. त्यांनी दाखवलं की खेळ जसजसा सुधारतो तसतशी सर्वोत्तम आणि साधारण यांच्यातली दरी कमी होते, आणि म्हणून जुन्यासारखे डोंगराएवढे वीर दिसेनासे होतात. वीर छोटे झाले असं नाही. भोवतालची जमीन उंच झाली. तुमच्या वेळच्या पंचक्रोशीत एखाद्याची मांडी पकड अशी होती की सगळे थक्क होत. बरोबर. पण समोरचा चढाईपटू सकाळी धान कापून, संध्याकाळी सायकल मारत येऊन खेळत होता. आजचा पोरगा वजनं उचलतो, समोरच्याचे व्हिडिओ बघून येतो. तुमच्या वीराची उंची मोजताना भोवतालची जमीन मोजावी लागेल. तो लहान ठरेल असं आम्ही म्हणत नाही. फक्त मोजा म्हणतो.

तर मग तुलना सोडूनच द्यायची का? आमचा एक विद्यार्थी म्हणायचा, सर, तुमचं तत्त्वज्ञान शेवटी 'सांगता येत नाही' ह्यावरच येतं. (हशा) नाही, इथे सांगता येतं. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत, त्यात एक उपमान. त्याचं ठरलेलं उदाहरण तुमच्या जंगलातलं आहे. शहरातल्या माणसाला गवय म्हणजे काय ठाऊक नाही. रानात राहणारा सांगतो, गवय गायीसारखा असतो. पुढे तो माणूस रानात जातो, एक जनावर बघतो, त्याला सांगितलेलं आठवतं आणि कळतं, हाच गवय. उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात रानगवा बघितलेल्यांना हे सांगायला नको. आता लक्ष द्या. ह्या तुलनेतून गाय मोठी की गवय मोठा हे कळत नाही, ते तिचं कामच नाही. तिचं काम अनोळखी गोष्ट ओळखीची करून देणं. आम्ही म्हणतो, दोन काळांची तुलना अशी करा. 'कोण भारी' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून विचारा: तेव्हाच्या बचावातली कुठली गोष्ट आजच्या कशासारखी होती? त्याला काय राखायचं होतं, किती जणांनी, कोणाविरुद्ध, आणि चूक झाली तर काय गमवायचं होतं?

हे आम्हाला पुस्तकातून सुचलं नाही. एका चुकीतून सुचलं, आणि ती चूक आमचीच आहे.

आम्ही तरुण प्राध्यापक असताना कॉलेजच्या कबड्डी संघाची जबाबदारी आमच्याकडे आली. कारण एवढंच की दुसरं कुणी तयार नव्हतं. संघात वैनगंगेच्या काठच्या एका गावचा मुलगा डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. काटक, अबोल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे तीन सामने झाले, चौथ्याआधी संघ निवडायचा होता. आम्ही स्कोअरबुक उघडून बसलो. तीन सामन्यांत त्याच्या नावावर दोन पकडी. दुसऱ्या एका मुलाच्या नावावर आठ. आम्ही तर्कशास्त्र शिकवणारे, आकडा समोर होता. डाव्या कोपऱ्यातल्या मुलाला बसवलं. त्याने एक शब्द विचारला नाही, पिशवी उचलली आणि राखीव खेळाडूंत जाऊन बसला.

चौथ्या सामन्यात डाव्या बाजूने नुसती वाट पडली. लोणावर लोण. हरलो. नंतर चहा घेताना समोरच्या संघाचा चढाईपटू आमच्याकडे आला आणि सहज म्हणाला, "सर, तुमचा तो डावा कोपरा आज का नव्हता? आम्ही तर ठरवून आलो होतो, त्या बाजूला जायचंच नाही."

त्याच्या दोनच पकडी होत्या, कारण तिसऱ्यांदा त्याच्या कोपऱ्यात जायची कुणाची छातीच झाली नव्हती. आठ पकडी करणाऱ्याकडे सगळे जात होते. त्याने आठ धरले आणि किती सोडले ते आम्ही मोजलंच नव्हतं. अर्धं मैदान त्या अबोल पोराने नुसतं उभं राहून बंद केलं होतं आणि स्कोअरबुकात त्या कामाला रकाना नव्हता. पुढच्या वर्षी तो कॉलेजात आला नाही. शेतीसाठी थांबला असं कुणीतरी सांगितलं. आम्ही त्याच्या गावी जाऊन त्याला हे सांगायला हवं होतं. गेलो नाही. नंतर १९८८ साली इथे धरणाची पायाभरणी झाली, काठची गावं एकेक करून उठली, नव्या गावठाणांत गेली, आणि मग कुठे जाऊन विचारायचं हेही उरलं नाही.

म्हणून टपरीवरचे ते गृहस्थ जेव्हा म्हणाले की आमच्या गावच्या संघाला तालुक्यात तोड नव्हती, आणि पोरगा म्हणाला की पुरावा काय, तेव्हा आम्ही चहाचा कप खाली ठेवला. मैदान पाण्याखाली आहे. स्कोअरबुक असलंच तर कधीच वाळवीने खाल्लं. संघातली मंडळी चार गावठाणांत पांगली. पण पुरावा नाही असं म्हणता येत नाही. पुरावा विचारायची पद्धत चुकते आहे. 'तुम्ही किती पकडी केल्या' असं विचारलं तर म्हातारा माणूस आकडा वाढवूनच सांगणार, आम्हीही सांगू. त्याऐवजी त्या काळी समोरून खेळलेल्या गावचा चढाईपटू शोधा आणि त्याला विचारा, तू कुठल्या बाजूला जात नव्हतास? चढाईपटूला चाळीस वर्षांनीही हे आठवतं. पकडणाऱ्याची आठवण फुगते, पण घाबरलेल्याची आठवण सहसा फुगत नाही. आणि दोन-तीन वेगवेगळ्या गावच्या चढाईपटूंनी एकाच कोपऱ्याचं नाव घेतलं, तर आम्ही तरी तो पुरावा मानू. न्यायाधीशही मानील.

हाच प्रश्न आजच्या सामन्यालाही लावता येतो. व्हिडिओ आहे, कागद-पेन्सिल घ्या. चढाईपटू निदान रेषा कुठल्या बाजूने ओलांडतो आणि कुठल्या बाजूला तीसपैकी किती सेकंद घालवतो, एवढंच लिहा. पकडींचा रकाना झाकून ठेवा. मग दोन काळांतल्या दोन कोपऱ्यांची तुलना सुरू होते, कारण दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला गेला. नियम कितीही बदलले तरी चढाईपटू कुणाला टाळतो, ही गोष्ट दोन्ही काळांत आहे.

आमचं संपलं. प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून एका विद्यार्थिनीचा प्रश्न: मुलींच्या बचावाची मुलांच्या बचावाशी तुलना करता येईल का?)

बाई, चांगला प्रश्न, आणि आम्ही तो भाषणात घ्यायला हवा होता. तुमचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. अर्ध्याची खोली ६, लॉब्या सोडून रुंदीही ६, म्हणजे ३६ चौरस मीटर. सात जणींत वाटा, प्रत्येकीला पाचच्या थोडं वर. मुलांना साडेसात. म्हणजे तुमच्या चढाईपटूला गर्दीत शिरावं लागतं आणि तुमच्या साखळीला हात लवकर मिळतात. नुसत्या पकडी मोजल्या तर फसगत होईल. तू कुठे खेळतेस? उजवा कोपरा? मग तुला एकच विचारतो. गेल्या सामन्यात तुझ्याकडे किती जणी आल्या?

(उत्तर: "फार नाही, सर.")

प्रशिक्षकांना सांग ते. त्यांनी लिहून ठेवायला हवं.

(शेवटच्या रांगेतून: सर, मग आमचा संघ भारी होता की नाही, ते सांगा ना.)

भाऊ, तुमच्याविरुद्ध खेळलेल्या गावचा एखादा चढाईपटू हयात आहे का? आहे? किती लांब राहतो? तर मग उद्या सकाळी जाऊ. आमची बस अकराची आहे.